पी. डी. पाटील यांची स्लाइड

जळगाव
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४, दुपारी अडीच

भाऊ,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी पुढच्या चार ओळी वाच. बाटली हलवून डोळ्यात घालायचं जे पांढरं औषध तुला दिलंय, ते आत्तापासून बंद कर. एक थेंबसुद्धा नको. हे मी माझ्या मनाने सांगत नाही. आमच्या लॅबच्या मॅडम अर्ध्या तासापूर्वी तुझ्या डोळ्याच्या डॉक्टरांशी बोलल्या आणि त्यांनीच हे सांगितलंय. उद्या पहिल्या गाडीने त्यांच्याकडे ये.

आता बाकीचं. शनिवारी डॉक्टरांनी तुझ्या डाव्या बुबुळावरची जखम खरवडून काचेवर घेतली आणि ती स्लाइड तपासायला पाठवली ती आमच्याच लॅबमध्ये. तुला ते ठाऊक नव्हतं, नाहीतर तू जळगावची पायरी चढलाच नसतास. मलाही ठाऊक नव्हतं. कागदावर नाव होतं पी. डी. पाटील, वय एकोणपन्नास, डोळ्यात कपाशीच्या पऱ्हाटीची काडी गेली. या जिल्ह्यात दगड उचलला तर खाली एक पी. डी. पाटील निघतो. मी रिपोर्ट लिहिला, बुरशीचे तंतू आढळले नाहीत. बुरशी नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी ते पांढरं, सूज उतरायचं औषध सुरू केलं. आज सकाळी तीच स्लाइड पुन्हा पाहिली. तंतू आहेत.

मग रजिस्टर काढलं. नावापुढे फोन नंबर होता. तो नंबर मला वहीत शोधावा लागत नाही.

डॉक्टरांच्या माणसाने तुला चारदा फोन लावला. निवडणुकीच्या दिवसांत अनोळखी नंबर म्हणजे प्रचार, तू कशाला उचलशील? माझा नंबर तर सहा वर्षं ब्लॉकच आहे. वहिनीचा फोन बंद लागतो. शेवटी नासीरभाईंच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. मायक्रोस्कोप दुरुस्त करणारे आपले नासीरभाई, अमळनेरला परत जाताना तुझ्या गावावरून जातील.

तुला दोन दिवसांत बरं वाटलं असेल. ठणका कमी, लाली कमी. त्यावर जाऊ नकोस. त्या औषधाचा तोच धोका आहे. वरून डोळा शांत दिसतो आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं.

शनिवारी मशीनचा उजेड बिघडलेला होता. शिवाय डेंगू-मलेरियाचे दिवस, रक्ताच्या स्लाइडींची रांग लागलेली. अशात एखादी गोष्ट सुटते. सबब म्हणून लिहीत नाही.

सुली

जळगाव
मंगळवार, १२ नोव्हेंबर, सकाळी साडेसात

भाऊ,

नासीरभाईंचा फोन आला. तू चिठ्ठी वाचलीस, घडी घालून खिशात ठेवलीस आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावलंस. संध्याकाळी डॉक्टरांच्या माणसाचा फोनही एकदाचा लागला. त्याने सगळं सांगितलं तर तू विचारलंस, आता ही स्लाइड कोणी पाहिली? तो म्हणाला, सुलक्षणा मॅडमनी, म्हणजे मी. मग तू म्हणालास, "सुलीनी दखी? तिले काय दिखस?" आणि ठरल्याप्रमाणे शुक्रवारीच येईन म्हणून फोन ठेवून दिलास.

म्हणजे काल रात्रीही ते औषध डोळ्यात गेलं. आज सकाळीही जाईल. वहिनी बाटली हलवून देत असेल.

भाऊ, मला तुझा इतका राग आलाय की पेन कागदात रुतलं. माझ्याशी सहा वर्षं बोलला नाहीस, आणखी साठ वर्षं बोलू नकोस. पण माझ्यावरचा राग तू स्वतःच्या डोळ्यावर का काढतोस? जगात कुठलाही माणूस बहिणीवर रुसून आंधळा होत नाही. ही खोड पाटलांच्या घरातलीच.

बरं. तुला माझ्यावर भरवसा नाही, तर निदान खरं काय घडलं ते ऐक. कालच्या चिठ्ठीत मी लिहिलं की मशीनचा उजेड बिघडला होता. मशीन ठणठणीत आहे. उजेड मी बिघडवला होता.

शनिवारी सकाळपासून मी रक्ताच्या स्लाइडी पाहत होते, ब्याऐंशी झाल्या होत्या. त्यांना रंग दिलेला असतो. रंग दिलेल्या वस्तूला भरपूर उजेड लागतो, म्हणून स्लाइडखालचा भिंगाचा कंडेन्सर वर चढवलेला, त्याचा पडदा सताड उघडा, झोत रुंद. ते बरोबरच होतं. मग तुझी स्लाइड आली. तिला रंग नाही. केओएच या द्रावणाच्या थेंबात बाकीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी असेल तर तिचे तंतू उरतात, पण ते पाण्यासारखे पारदर्शक. त्यांना उजेड कमी लागतो, अरुंद लागतो, थोडा तिरपा लागतो. एक दांडी डावीकडे सरकवायची आणि एक चाक खाली फिरवायचं. तीन सेकंदांचं काम. मी ते केलं नाही. त्याच उघड्या झोतात तुझी स्लाइड ठेवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, सगळीकडे पांढरं स्वच्छ दिसलं आणि मी "नाहीत" लिहून पुढची रक्ताची स्लाइड घेतली.

हे तुला शिकवायची गरज नाही, हे मला कळतंय. तूच मला कपाशीच्या वावरात उभं करून दाखवलं होतंस. सकाळी सातला बांधावरून प्रत्येक झाडावर कोळ्याचं जाळं दिसत होतं, धागा न् धागा. दुपारी बाराला त्याच बांधावर आणलंस आणि म्हणालास, आता शोध. एक दिसलं नाही. जाळी तिथंच होती, ऊन डोक्यावर आलं होतं. दिसायला उजेड जास्त नाही, योग्य बाजूने लागतो, हे मी तेव्हा शिकले. परीक्षेत यावर दहापैकी दहा मिळवले.

काल नासीरभाई वर्षाच्या सर्व्हिसिंगला आले होते. त्यांनी मशीन पुसून उजेड नीट बसवला, पडदा निम्मा मिटला आणि चाचणीसाठी हाताशी जी स्लाइड होती ती खाली सरकवली. केओएचच्या स्लाइडी आम्ही दोन दिवस ओल्या कापसावर झाकून ठेवतो, त्यातली ती वरची होती. त्यांनी पाहिलं आणि मला म्हणाले, "ताई, यात तर मुळं पसरलीत. हा माणूस कोण?"

हा माणूस कोण, ते मला त्यानंतर पाच मिनिटांनी कळलं.

आज तरी जा. शुक्रवार फार लांब आहे.

सुली

जळगाव
बुधवार, १३ नोव्हेंबर, सकाळी सहा

भाऊ,

नासीरभाई पहाटेच आले आहेत. आज त्यांच्याबरोबर नुसती चिठ्ठी नाही, पेटीही पाठवते आहे. पेटीत काय आहे ते उघडल्यावर तू ओळखशील. लॅबच्या खिडकीत जो एका नळीचा, आरशाचा मायक्रोस्कोप होता, ज्याला तू "म्हातारा" म्हणायचास, तो भंगारात निघाला तेव्हा नासीरभाईंनी उचलून दुकानात ठेवला होता. काल त्यांनी तो तेलपाणी करून दिला. सोबत कापसात गुंडाळून तुझी स्लाइड आहे. कडेने नेलपॉलिश लावून बंद केली आहे, तरी ती आज दिवसभर टिकली तर टिकली. उद्या त्यात क्षाराच्या खड्यांशिवाय काही राहणार नाही.

स्लाइड लॅबबाहेर न्यायची परवानगी नसते. मी मॅडमना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

माझं मानू नकोस. डॉक्टरांच्या माणसाचं मानू नकोस. तुझा उजवा डोळा शाबूत आहे आणि म्हाताऱ्याला एकच डोळा लागतो. ओट्यावर ऊन येतं. आरसा तुझ्या हाताने लाव, आणि जे दिसेल त्यावर विश्वास ठेव. काहीच दिसलं नाही तर पांढरं औषध खुशाल चालू ठेव, मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

स्वतः का येत नाही, हे तुझ्या मनात येईल. जळगावात बसून चिठ्ठ्या लिहिणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, कळतं मला. मी काल आले होते. अमळनेरच्या स्टँडवर उतरले, तुझ्या गावाच्या गाडीत बसले, आणि गाडी सुटायच्या आधी खाली उतरले. पाचावर धारण बसली. तू दार लावून घेशील याची भीती नव्हती. तू दार उघडून विचारशील, याची होती. काय विचारशील ते मला परवापर्यंत माहीतच नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून विचारायच्या आधीच लिहिते.

त्या पेटीत एका कप्प्यात पत्र्याचा एक अर्धा चंद्र आहे, रुपयापेक्षा थोडा मोठा. काल मी नासीरभाईंना विचारलं, हा कुठला सुटा भाग? ते म्हणाले, सुटा भाग नाही, पंडितभाऊंनी, म्हणजे तू, सांगून कापून घेतला होता. कंडेन्सरच्या खाली बसवला की निम्मा उजेड अडतो आणि उरलेला तिरपा येतो. केओएचच्या स्लाइडीला पंडितभाऊ तो लावल्याशिवाय पाहतच नसत.

मी खुर्चीत बसून राहिले. नासीरभाईंनी पाणी आणून दिलं.

२०१८ मध्ये लॅबमध्ये नवीन मशीन आलं, दोन डोळ्यांचं, आत दिवा असलेलं. तू म्हणालास, मला म्हाताराच बरा, आणि नवीन मशीनवर मी बसले. मला वाटलं, तुला नवीन जमत नाही. मॅडम एकदा म्हणाल्या, पंडितच्या रिपोर्टात बुरशी फार निघते, त्याच्या या तीन स्लाइडी तू पाहून घे. मी पाहिल्या. नव्या मशीनवर, सताड उजेडात. स्वच्छ दिसल्या.

आजवर आईला, नातेवाइकांना, स्वतःलाही मी सांगत आले की मी मॅडमना फक्त एवढंच म्हणाले, मला काही दिसलं नाही. भाऊ, मी एवढंच म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, भाऊ हल्ली अंदाजाने लिहितो. आणि हे म्हणताना मला बरं वाटत होतं. तू शिकवलेल्या सगळ्यांत मी पुढे गेले, तुझं मोठं टेबल आता मला मिळेल, असं वाटत होतं. मिळालंही. मॅडमनी तुझे तीनही रिपोर्ट खोडून माझे लावले आणि तुला बोलावलं. तू माझ्याकडे पाहून एवढंच म्हणालास, "तुले दिखत नही ते नही," आणि किल्ल्या टेबलावर ठेवून घरी गेलास. तू का भांडला नाहीस, याचा मी सोयीचा अर्थ लावला. खोटा माणूस भांडत नाही, असा.

त्या तीन स्लाइडींत बुरशी होती. तू बरोबर होतास. मी आंधळी होते, आणि सहा वर्षं त्याच डोळ्यांनी माणसांचे रिपोर्ट लिहिते आहे.

माफी नंतर मागेन. आधी स्लाइड बघ. ऊन दहाच्या सुमाराला ओट्यावर येतं, अकराला गोठ्यामागे जातं.

सुली

धुळे
शुक्रवार, १५ नोव्हेंबर, दवाखान्याच्या व्हरांड्यात

भाऊ,

वहिनी बाहेर येऊन म्हणाली, आज आत नको येऊस, त्यांना बोलायचं नाही. मी म्हटलं बरं. तिच्याकडून कागद मागून घेतला. ती तुला हे वाचून दाखवेल. माझं अक्षर तिला लागत नाही असं ती म्हणते, पण ते तिने भांडायला म्हटलंय. तिचा हक्क आहे.

बुधवारचं सगळं मला नासीरभाईंनी सांगितलं. तू पेटीला हात लावला नाहीस. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास. ते म्हणाले, ऊन सरकायला लागलं तसा माझा जीव टांगणीला लागला. मग त्या माणसाने काय केलं तर स्वतःच मायक्रोस्कोप ओट्यावर मांडला आणि आरसा मुद्दाम सरळ उन्हात धरला. नळीतून इतका प्रकाश बाहेर आला की ओट्याच्या छतावर चकाकी नाचायला लागली. वर डोळा लावून मोठ्याने म्हणाले, वा, काय झकास दिसतंय. तू तेवढ्यावर खाटेवरून उठलास. "आसा उजेड कोन धरस? बठ्ठं धुवाई जाई," सगळं धुतलं जाईल म्हणून ओरडून त्यांना बाजूला केलंस.

मला हे ऐकून हसू आलं आणि लगेच रडू आलं. तुझा डोळा जाईल, पण चुकीचा उजेड तुला सहन होणार नाही.

मग तू आरसा उन्हातून काढून आभाळाकडे वळवलास. पत्र्याचा अर्धा चंद्र न पाहता कप्प्यातून काढलास आणि खाली बसवलास. एका डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाचे हात इतके स्थिर कसे, असं नासीरभाई म्हणत होते. तू उजवा डोळा लावलास आणि बराच वेळ हलला नाहीस. वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिने विचारलं, काय आहे? तू स्लाइड थोडी सरकवलीस, पुन्हा पाहिलंस. आणि मग म्हणालास, "दिपमाला, गाडी बलाव. धुयाले जानं शे."

जळगावच्या डॉक्टरांकडेही न थांबता तू सरळ धुळ्याला मोठ्या दवाखान्यात आलास, ते बरोबर केलंस. काय दिसलं असेल ते मला माहीत आहे. सोमवारी मी सुधारित रिपोर्टात "थोडे तंतू" लिहिले होते. तू इथे डॉक्टरांना सांगितलंस म्हणे, थोडे नाहीत, पुष्कळ आहेत, आणि तंतूंचे फाटे काटकोनात नाहीत, त्यावरून बुरशीची जात ओळखा. डॉक्टरांनी वहिनीला विचारलं, हे शेती करतात ना?

तेच डॉक्टर मघाशी माझ्याशी बोलले. बुरशी बुबुळाच्या निम्म्याहून खोल गेली आहे. आता दर तासाला दुसरं औषध, दिवसरात्र. बुबुळ फुटलं नाही तर डोळा राहील. नजर राहील का, ते आज सांगता येत नाही. मी विचारलं, शनिवारीच कळलं असतं तर? ते म्हणाले, शनिवारी ती वरवर होती. सोमवारीसुद्धा फार खोल नसावी.

मी मनात हिशेब मांडला. शनिवार ते सोमवार, ते दोन दिवस माझ्या डोक्यावर. सोमवार ते बुधवार, तुझ्या. मग पुन्हा विचार केला. सोमवारी तू माझं का ऐकलं नाहीस? कारण सहा वर्षांपूर्वी मी असलेलं नाही म्हटलं होतं. म्हणजे तेही माझ्याच डोक्यावर.

मॅडमना सगळं सांगितलं. शनिवारचं, पेटीचं आणि २०१८ चं. स्टाफसमोर सांगितलं, खाली मान न घालता सांगायचं ठरवलं होतं, पण मान खाली गेलीच. त्या रागावल्या ते स्लाइड बाहेर नेली म्हणून. जुन्या गोष्टीवर म्हणाल्या, आता त्याचा काय उपयोग. सध्या मला रक्ताच्या टेबलावर बसवलंय. डोळ्याच्या स्लाइडी त्या स्वतः पाहतात.

मी इथेच बाकावर आहे. रविवारपर्यंत सुट्टी काढली आहे. दर तासाला औषध घालायला वहिनीला कोणी बदली हवं असेल तर मला हाक मार. बोलायचं नसलं तर बोलू नकोस. औषध मुक्यानेही घालता येतं.

सुली

जळगाव
रविवार, ८ डिसेंबर, संध्याकाळी

भाऊ,

तू म्हणालास, जामनेरला जाऊन सांगून आलीस की लिही, फोन करू नकोस, तोंडी तू सारवासारव करतेस. म्हणून लिहिते.

पण त्याआधी एक. धुळ्याला पाचव्या दिवशी तू मला आत बोलावलंस. डॉक्टरांनी पट्टी काढून बोटं मोजायला सांगितली होती आणि तुला डाव्या डोळ्याने हात हलतोय एवढंच कळत होतं. डोळा राहिला, नजर गेली. पुढे कधी दुसऱ्याचं बुबुळ मिळालं तर बघू, असं ते म्हणाले. मी पायाशी बसून माफीचं बोलायला लागले. तुझी नोकरी घालवली, तुझं नाव घालवलं. तू मला मध्येच थांबवलंस.

"नोकरी गयी ते मी दोन महिनामा इसरी गऊ, सुले. बेबाबाईना डोया गया ते मी इसरनू नही."

मला हे नावच माहीत नव्हतं. खोडलेल्या तीन रिपोर्टांतला एक जामनेरच्या बेबाबाईचा होता, तोही डोळ्याचा, हे मी कधी उलटून पाहिलंच नाही. मला तीन स्लाइडी आठवत होत्या, त्यांच्यामागची माणसं नाही. नंतर काही महिन्यांनी तू कापूस घेऊन जामनेरच्या बाजारात गेलास तर ती मिरच्या विकायला बसली होती. तिने तुला ओळखलं. तूच तिला लॅबमध्ये म्हणाला होतास, मावशी, बुरशी आहे, लवकर औषध घ्या. मग रिपोर्ट उलटा कसा आला, असं तिने विचारलं. तू सांगितलंस, कागद बदलले गेले असतील. माझं नाव घेतलं नाहीस. त्या दिवशी घरी येऊन माझा नंबर ब्लॉक केलास.

म्हणजे आपण सहा वर्षं दोन वेगळी भांडणं भांडत होतो. मी समजत होते, तू तुझ्या अपमानासाठी रुसलास.

मी तुला तेव्हाच विचारलं, मला सांगितलं का नाहीस? तू म्हणालास, सांगितलं असतं तर तू पुन्हा मशीनवर बसली नसतीस आणि तुझा हात चांगला होता. भाऊ, ही तुझी माया मला कळते. पण आज लिहूनच टाकते, कारण तू लिहायला सांगितलंस. तू सांगायला हवं होतंस. सांगितलं असतंस तर मी रडले असते, लॅब सोडलीही असती कदाचित, पण पडदा मिटायला पुन्हा कधी विसरले नसते. तुझा डोळा आज असता. तू मला वाचवायला गेलास आणि त्यात तुझा डोळा गेला. या गोष्टीचा मला तुझा राग आहे आणि तो जायला वेळ लागेल. माझ्यावरचा तुझा राग जायला लागेल तेवढाच.

आता जामनेर.

बेबाबाईचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. ती साठीची असेल. मिरच्यांचे देठ खुडत ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, मी जळगावच्या लॅबमधून आले, पंडितभाऊंची बहीण. तिने लगेच बसायला पोतं टाकलं. तू दरवर्षी तिच्याकडे जातोस, हे तू मला सांगितलं नव्हतंस. पंडितभाऊचा डोळा कसा आहे, हे तिने आधी विचारलं; बाजारात तिच्या कानावर आलं होतं. मी खरं ते सांगितलं. ती चुकचुकली.

मग मी बोलले. घरून निघताना वाक्यं पाठ केली होती, ती सगळी विसरले. म्हटलं, मावशी, तुमचा कागद बदलला नव्हता. पंडितभाऊंनी बरोबर लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं. मी उजेड चुकीचा ठेवला म्हणून मला दिसलं नाही, आणि दिसलं नाही म्हणून मी तिथे काही नाही असं सांगितलं.

ती देठ खुडत राहिली. मला वाटलं, कळलं नाही. पुन्हा सांगायला लागले तर हाताने थांब म्हणाली. नंतर विचारलं, तेव्हा दिसलं असतं तर डोळा राहिला असता का? मी म्हटलं, बहुतेक राहिला असता. बहुतेक हा शब्द मी सुटका म्हणून वापरला नाही, भाऊ. खरंच तेवढंच सांगता येतं.

तिने मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं. डावी पापणी तिची मिटलेलीच असते. उजव्या डोळ्याने ती माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिली की मला उठून पळावंसं वाटलं. मग म्हणाली, "आता बी त्या मशीनीवर तूच बसते का?"

खरं उत्तर असं होतं की डोळ्याच्या स्लाइडी सध्या माझ्याकडे नाहीत. पण मॅडमनी कालच सांगितलंय की सोमवारपासून पुन्हा माझ्याकडे येतील, दुसरं कोणी नाही. ते अर्धं उत्तर देऊन मला सुटता आलं असतं. मी म्हटलं, हो, उद्यापासून पुन्हा मीच.

तिने शिव्या दिल्या नाहीत, माफही केलं नाही. सूप उचललं, पदर डोक्यावर घेतला आणि आत निघून गेली. दार लावलं नाही. मी ओट्यावर बसून राहिले. गाडीची वेळ झाली तेव्हा उठले.

उद्या सकाळी नऊला मी मशीनवर बसेन. पहिली स्लाइड डोळ्याची आहे, यावलची एक मुलगी, वय अकरा. आज ती फ्रिजशेजारी ओल्या कापसावर झाकून ठेवलेली पाहून आले.

सुली